डोक्यावरून जाणारी माफी

गल्लीत त्यांना सगळे आभाळकर म्हणत. काम होतंच तसं. रेडिओचा सिग्नल तिरका वर सोडायचा, तो वातावरणात उंचावर असलेल्या आयनांबराच्या थरावर आपटून हजारेक मैलांवर उतरायचा, आणि तिथून विखुरलेला चिमूटभर प्रतिध्वनी त्याच वाटेने परत यायचा. मग किरणाची वाट संगणकावर रेखून आभाळकर सांगत, कुठे पडला ते. जवळच्या टापूत मात्र काहीच पडत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायकोचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही स्वारी अँटेनापाशीच होती. तेव्हापासून बाईंनी तोंडाला कुलूप लावलेलं, आणि आता कायमचं बहिणीकडे जायला बॅग भरलेली.

संध्याकाळी जेवताना आभाळकर म्हणाले, "चुकलो मी." बाई जेवत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या गावच्या दंतवैद्याचा फोन आला. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. मी माफ केलं."

म्हणजे शब्द बाईंच्या डोक्यावरून चालले होते! दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मान वर करून तेच म्हटलं. दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी दारात आला आणि त्यानेही माफ केलं. जवळ येतंय म्हणून आभाळकर हरखले. तिसऱ्या संध्याकाळी थेट छताकडे बघून बोलले, तर कुणीच आलं नाही. संध्याकाळचा थर विरळ, माफी आरपार निघून गेली. आभाळकरांना रडूच आलं.

सरळ वर गेलेलं सरळ खाली पाडण्याइतका दाट थर फक्त भरदुपारी असतो. घोडं अडलं ते इथेच. दुपार म्हणजे मोजमापाची वेळ. उभ्या नोकरीत ते दुपारी कधी घरी आले नव्हते.

चौथ्या दिवशी त्यांनी यंत्र बंद केलं आणि धावत घर गाठलं. टॅक्सी दारात, बाई चपला घालत होत्या. आभाळकरांनी छताकडे तोंड केलं. "चुकलो. त्या दिवशी मी तुझ्यापाशी हवा होतो."

फोन वाजला नाही. शिंपी आला नाही. आभाळकरांनी भीत भीत मान खाली केली. "आलं का गं ऐकू?"

"ते पहिल्याच संध्याकाळी आलं होतं," बाई म्हणाल्या. "दुपारी घरी आलेले तुम्ही आज दिसलात."

त्यांनी चपला काढल्या.

"बॅग आत न्या. टाके अजून ओढतात माझे."