दादाच्या ट्रकचं पुढचं सील

धाकट्याच्या गॅरेजात त्या रस्त्यावरचे झाडून सगळे ट्रक येत, फक्त एक सोडून. तो एक त्याच्या सख्ख्या भावाचा होता.

पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून धाकटा वरवर हसायचा. पण दादाचा ट्रक गॅरेजसमोरून तसाच पुढे जाऊन पुलापलीकडच्या वर्कशॉपकडे वळला, की हातातला पाना त्याला उगाच जड वाटायचा. एरवी दोघांचं काही वाकडं नव्हतं. घर एकच, खाली दादा आणि वर धाकटा. एकमेकांची टिंगल केल्याशिवाय दोघांना घास उतरायचा नाही. फक्त ट्रकच्या इंजिनाचा विषय निघाला की दादाला हटकून जांभया यायच्या.

शेवटी तो ट्रक गॅरेजात आणला वहिनीने. म्हणजे चालवत दादानेच आणला, पण शेजारच्या सीटवर ती बसली होती, आणि तिचा चेहरा बघता गाडी दुसरीकडे वळवण्याची दादाची छाती नव्हती.

"भाऊजी," ती खाली उतरत म्हणाली, "ह्या गाडीच्या नाकातून तेल गळतंय. पुलापलीकडच्यांनी सील बदललं, गळलं. पुन्हा बदललं, पुन्हा गळलं. घरात वैद्य असताना लांबच्या दवाखान्याच्या खेपा कशाला? तुम्ही बघा."

"ही म्हणाली म्हणून आणली," दादा टायरकडे बघत पुटपुटला.

"आणि मी म्हणते म्हणून आता इथेच थांबा, भावाला हातभार लावा," असं सांगून वहिनी पिशवी काखेत मारून बाजाराकडे चालती झाली.

धाकटा ट्रकखाली सरकला. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, मोठ्या पुलीच्या मागे, सगळं तेलाने काळंकुट्ट झालं होतं. क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर डोकावतो तिथे रबराची एक कडी त्याला मिठी मारून बसलेली असते. शाफ्टने खुशाल फिरावं, तेलाने मात्र आतच राहावं, एवढंच तिचं काम. तेच तिला जमत नव्हतं. धाकट्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा त्याने डॉक्टरसारखा गंभीर ठेवला.

"सील गेलंय," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय," दादा म्हणाला.

रेडिएटर उतरवला, पंखा काढला, बेल्ट सैल करून बाजूला टांगले. राहिला पुलीच्या मधोमधचा मोठा बोल्ट. तो काही केल्या हलेना. पान्याला लांब पाइप जोडून धाकट्याने सगळं अंग टाकलं, तर बोल्टऐवजी इंजिनच फिरायला लागलं.

"दादा, वर चढ. टॉप गिअर टाक आणि ब्रेकवर उभा राहा."

"उभा म्हणजे?"

"वहिनीने बाजारात अजून एका दुकानात जाऊ म्हटल्यावर राहतोस तसा. हलायचं नाही."

केबिनमधून दादाचं हसू ऐकू आलं. धाकट्याने पुन्हा जोर लावला, बोल्ट कुरकुरला आणि सुटला. पुली ओढून बाहेर आली तशी धाकट्याने जुनं सील हलक्या हाताने उचकटून काढलं. बसायच्या जागेवर ओरखडा उठला तर नवीन सीलसुद्धा रडणार. मग पुलीचा जो दांडा शाफ्टवर चढून सीलच्या आत फिरतो, तो चिंधीने पुसून त्याने त्यावरून नख फिरवलं, आणि नख अडकलं.

"हे बघ," त्याने दादाचं बोट धरून तिथून फिरवलं. "सील घासून घासून इथे चरी पडलीय. त्यांनी नवीन सील आणून पुन्हा ह्याच चरीवर बसवलं. तेल गळेल नाहीतर काय होईल?"

"मग?"

"मी किंचित बाहेर बसवतो. म्हणजे रबराचा ओठ चांगल्या लोखंडावर टेकेल."

सीलच्या ओठाला तेल लावून, पाइपचा मापाचा तुकडा वर ठेवून, चहूबाजूंनी सारखे ठोके देत त्याने सील बसवलं. मांडीवरच्या बाळाला टोपडं घालावं इतकं जपून. पुली चढली, बोल्ट आवळला, पंखा आणि रेडिएटर जागेवर गेले. दादा न सांगता हवा तो पाना पुढे करत होता. पुलापलीकडच्यांचं नाक कापल्याचा आनंद धाकट्याच्या कानापर्यंत पोचला होता.

इंजिन चालू केलं. दोघे टॉर्च घेऊन वाकले. थोडा वेळ सगळं कोरडं ठणठणीत होतं. मग पुलीच्या मागून तेलाचा एक थेंब हळूच डोकावला, लांबला आणि खाली टपकला. त्याच्या मागून दुसरा आला.

धाकट्याने इंजिन बंद केलं. दादाकडे बघायची त्याला हिंमत होईना. चिंधीने तो हात पुसत राहिला. आता पुन्हा जन्मात हा ट्रक इथे येत नाही, असं त्याला वाटलं.

"ह्याचीच मला भीती होती," दादा म्हणाला.

"माझ्या हातून बिघडायची?"

"तसं नाही रे." दादा ट्रकच्या पायरीवर बसला. "बाबा आणि काका आठवतात ना? एका गिअरबॉक्सवरून भांडले. काकाने दुरुस्त केला, बाबांच्या हातात मोडला. मग शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले ते आपल्या तोंडून. 'जा, काकाला सांग.' 'जा, बाबांना सांग.' आपण घरातले पोस्टमन. म्हटलं, आपल्या दोघांचं तसं नको व्हायला. बाहेरच्यांनी काम बिघडवलं तर त्यांना चार शिव्या देऊन मोकळं होता येतं."

इतकी वर्षं जो काटा धाकट्याने मनात जपून ठेवला होता, तो भलत्याच झाडाचा निघाला होता.

"आणि आता? आता तर बिघडलंच," तो म्हणाला.

दादाने जरा विचार केला. "हो की. आणि मला राग काही आला नाही. भूक मात्र लागलीय." मग उठून म्हणाला, "चल, पुन्हा उघडू. तेल कमी झालं असेल, आधी ते बघतो."

गळती नक्की कुठून होते ते बघायला धाकट्याने इंजिन एकदा चालू केलं. दादाने तेल ओतायच्या तोंडाचं टोपण फिरवलं, तर ते उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखं थडथड नाचायला लागलं आणि फुस्स करून वाफ बाहेर आली.

"हे असं कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"बरेच दिवस. का? कुणी विचारलंच नाही मला."

धाकटा तडक पुन्हा ट्रकखाली घुसला. इंजिनाच्या पोटात कोंडलेली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, ती त्याने चाचपली. नळीच्या तोंडात काहीतरी गच्च कोंबलेलं होतं. त्याने ओढलं, ओढतच राहिला, आणि हातात आलं एक भलंमोठं फडकं. काळं झालेलं असलं तरी त्यावरची फुलं अजून ओळखू येत होती.

"दादा, हा वहिनीच्या जुन्या उशीचा अभ्रा का?"

दादाचा चेहरा पडला. "त्या नळीतून कधीतरी थेंबभर तेल दारातल्या फरशीवर पडायचं. ही रोज बोलायची. म्हणून मी..."

"म्हणून तू इंजिनाचं नाक दाबलंस," धाकटा म्हणाला. "मग ते तोंडाने ओकणारच."

दोघे जे हसत सुटले, ते शेजारच्या पंक्चरवाल्याने कामधाम सोडून येऊन विचारपूस करेपर्यंत थांबले नाहीत. हसताना धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने तेलकट बाहीनेच पुसलं आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

पुढचा भाग डिझेलने धुऊन स्वच्छ पुसला आणि इंजिन चालू ठेवून दोघे आळीपाळीने वाकून बघत राहिले. टोपण आता गप्प होतं. सील कोरडं होतं. दादा ट्रक घेऊन पुलापर्यंत जाऊन आला. धाकट्याने खाली सरकून बोट फिरवलं, तर बोटाला नुसती धूळ लागली.

"वहिनीला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"चरी पडली होती म्हणून सांग," दादा म्हणाला. "ते खोटं नाही."

"आणि अभ्रा?"

"तो आपल्या दोघांत."

वहिनी बाजारातून परतली तेव्हा धाकटा अवजारं पुसून जागच्या जागी लावत होता. दादा गॅरेजात बसायला ठेवलेल्या एका जुन्या ट्रकच्या सीटवर, जिथे तो आजवर कधी घडीभरही टेकला नव्हता, तोंड उघडं टाकून घोरत होता. ती त्याला हाक मारणार तोच धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं.

"राहू द्या, वहिनी. क्लचचा आवाजही बघ म्हणालाय. अजून वेळ आहे."

वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि स्टूल ओढून ती तिथेच बसली.