डावा पाय

आमच्या घरात दोन गाड्या होत्या आणि दोन पक्ष. बाबांची बुलेट, माझ्या धाकट्या भावाची, गजेंद्रची, यामाहा. गजेंद्र नागपूरहून मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं आणायचा. एका पानावर लांबलचक अमेरिकन गाड्या, दुसऱ्यावर इंजिनात फेरफार केलेल्या छोट्या जपानी.

“बाबा, तुमची बुलेट म्हणजे हे अमेरिकन. इंजिन हत्तीचं, पण वळाचं का नाई ते हत्तीलेच विचारा लागते.”

“माही गाडी आली का पुलगावले समजते,” बाबा म्हणत. “तुही आली का फक्त कुत्रे भुंकते.”

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर बुलेटची क्लचकेबल तुटली. दुकानाच्या कामासाठी बाबांना आंजीला जायचं होतं. त्यांनी पहिल्यांदाच यामाहा काढली. आंजीच्या अलीकडच्या वळणावर कापसाने भरलेल्या बैलबंडीवर धडकून ते गेले.

मी अमरावतीहून सासरून आले तेव्हा बंडीवाला चंद्रभान आमच्या ओसरीत बसून रडत होता. “गाडी धीमी येऊन राह्यलती, बाई. माह्याजवळ आल्यावर एकदम किंचाळली अन धडकली.”

“किंचाळनच,” महादेवकाका सगळ्यांसमोर म्हणाले. “पोरानं इंजिन घासून घासून उधळं केलं. माह्या भावाले झेपलं नाई.”

गाडी जास्त पळावी म्हणून गजेंद्रने सिलिंडर खरंच घासला होता. त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. आई ताट पुढे ठेवायची, तो उठून मागच्या अंगणात जायचा. तिथे वाकलेली यामाहा उभी होती. तेरवीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या मागे गेले.

“ताई, मीच मारलं त्यायले.”

मी गाडी शिकले ती बाबांच्या बुलेटवर. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. यामाहाचं उलटं. पहिल्यांदा यामाहा चालवताना समोर म्हैस आली आणि मी सवयीने डावा पाय दाबला होता. ब्रेक लागलाच नाही; गिअर खाली उतरला, इंजिन किंचाळलं. हाताचा ब्रेक आठवला म्हणून मी वाचले.

“गजू, चंद्रभान म्हणते गाडी धीमी होती. उधळली असती त दुरूनच बोंबलत आली असती. ते जवळ येऊन किंचाळली. बाबानं डावा पाय दाबला.”

तो गिअरच्या पट्टीकडे बघत राहिला.

“म्हंजे बाबा थांबवून राह्यलते?”

“हो.”

“मी सांगतलं होतं, याचा ब्रेक उजव्या पायाले हाय म्हणून.”

“ऐकलं असन त्यायनं. पण तेवढ्या वक्ताले पाय जुन्याच जागी गेला.”

तो ओसरीत गेला. सतरंजीवर काका आणि चार नातेवाईक बसले होते.

“काका, बाबानं ब्रेक मारलाता.”

“मारलाता त थांबली काऊन नाई?”

गजेंद्रने जमिनीवर डावा पाय दाबून दाखवला. जोरात, दोनदा.

काकांनीही सगळं आयुष्य बुलेटच चालवलेली. ते त्या पायाकडे बघत राहिले. सतरंजीवर त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आपोआप खाली वळला. त्यांनी पाय आखडून धोतराखाली घेतला.

“वहिनी,” त्यांनी आत आवाज दिला, “याचं ताट माह्याजवळ आना.”