सूर्याकडे पाठ

नेझकाने कपाटातलं पुस्तक काढावं तशी मधमाश्यांच्या पेटीतून पोळ्याची चौकट ओढली. पोळ्यावर एक माशी बूड हलवत नाचत होती. सरळ खाली धावायची, वळसा घालून वर यायची, पुन्हा खाली. तिच्या मागे पाच-सहाजणी.

माशी वर धावली तर खाणं सूर्याच्या दिशेला. खाली धावली तर सूर्याकडे पाठ करून उडायचं. धाव आखूड, तर खाणं जवळ. त्या काळी आमच्या खोऱ्यात हे पोराटोरांनाही ठाऊक असे. ऊन पश्चिमेच्या डोंगरावर कललं होतं. म्हणजे खाणं पूर्वेला, ओढ्याच्या जरा पलीकडे. पण सप्टेंबर सरत आलेला. तिकडे फूल औषधालाही नव्हतं. तिकडे होत्या फक्त तिच्या दिराच्या, गाश्परच्या, पेट्या.

ती धावतच गेली. गाश्परच्या दारातच सुताराच्या सरसासारखा वास आला.

"भावोजी, पेट्या उघडा."

"या वहिनी! आधी घोटभर काही घ्या तरी—"

"उघडा म्हणते ना!"

पहिल्या पेटीतलं मोहोळ मेलेलं होतं. उरलेल्या मधावर परक्या माश्या तुटून पडल्या होत्या. कुणाच्या, ते विचारायला नको होतं. नेझकाने आगकाडी पोळ्याच्या एका घरात खुपसून ओढली. सडलेल्या अळीची तपकिरी तार बोटभर लांबली; मधाबरोबर पेटीपेटीत पसरणाऱ्या रोगाची हीच खूण.

"कधीपासून?"

"जूनपासून," गाश्पर टोपी चुरगाळत म्हणाला. "निरीक्षकाला कळलं की सगळं जाळतात हो. बाबांच्या हातच्या पेट्या आहेत."

"आणि माझ्या अठरा? तुमचा भाऊ गेल्यावर त्यांनीच जगवलं मला. त्यांचं काहीच नाही?"

"मग गप्प राहू. कुणाला कळतंय?"

क्षणभर तिला तेच हवंसं वाटलं. पण ओढ्याच्या काठाने खाली आणखी बारा घरांत पेट्या होत्या. तिच्या नासलेल्या मधाची वाट उद्या त्यांच्या माश्या नाचून दाखवतील.

"पोस्टातून फोन करा निरीक्षकाला."

"तुमच्याही जाळतील, वहिनी."

"ठाऊक आहे. खड्डा एकच खणा. मोठा."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना निरीक्षक आला. नेझकाने सतरा पेट्यांची दारं चिंध्यांनी बंद केली. अठराव्या पेटीपाशी ती चिंधी हातात धरून उभीच राहिली.

"बाई, आटपा. उजेड चाललाय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "माश्या अजून घरी येतायत."