देवाच्या वेळेनं चार

"बंद करून परत चालू केलात का?" लिब्रादानं विचारलं. हा प्रश्न ती दिवसभरात इतक्या जणांना विचारायची, की उत्तराकडे तिचं लक्षही नसे.

"काल केला, आज सकाळी केला, आत्ता तुझ्या पायरीवर बसून केला," अबुंदियोकाका म्हणाले. "चालू होतो गं. लागत नाही."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि फोन काउंटरवर सरकवला. कोपऱ्यात काच तडकलेला, पाठीचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलेला स्वस्तातला जुना फोन. तो काकांचा नव्हताच खरं तर. त्यांच्या बायकोचा, निकांद्राचा होता. ती जाऊन आज नववा दिवस होता.

आमच्या गावात इंटरनेट म्हणजे लिब्रादाचं दुकान. वह्या, पेनं, मेणबत्त्या, झेरॉक्स आणि छपरावर उपग्रहाची तबकडी. तिच्याकडून आकडे छापलेली चिठ्ठी विकत घ्यायची, चौकातल्या बाकावर बसून ते आकडे फोनमध्ये टाकायचे, की तासभर जग उघडतं. चौक ओलांडला की संपलं. त्यामुळे ज्याचा फोन लागत नाही तो तिच्याच दारात येतो, आणि तिचा दिवस दुसऱ्यांच्या फोनशी झगडण्यात जातो. त्याचे पैसे तिनं घ्यायला हवेत असं आम्ही सगळे म्हणतो, पण देत कुणीच नाही.

तबकडी येण्याआधी त्याच खोलीत गावाचा एकुलता एक टेलिफोन होता, आणि तोही लिब्रादाच सांभाळायची. उत्तरेत, सरहद्दीपलीकडे मजुरीला गेलेल्या कुणाचा फोन आला की छपरावरच्या भोंग्यातून ती घरच्यांचं नाव पुकारायची, "उत्तरेतून तुमचा फोन आहे." मग ते माणूस हातातलं काम टाकून चढ चढत धापा टाकत यायचं. निकांद्रा दर रविवारी यायची, ओले हात अ‍ॅप्रनला पुसत. ती पोचेपर्यंत तिकडून तिचा मुलगा एफ्रेन विचारत राहायचा, "आई आली का?" आणि लिब्रादा म्हणायची, "येतेय. थांब जरा." लिब्रादाचा नवराही उत्तरेतच गेला होता. त्याचा फोन आधी दर महिन्याला यायचा, मग फक्त नाताळात, मग बंद झाला. निदान त्याच्यासाठी तिला भोंग्यातून स्वतःचं नाव पुकारावं लागलं नाही. ती फोनशेजारीच तर बसलेली असायची.

"आज चारला करणार आहे तो," काका म्हणाले. "ती गेली त्या दिवशीच म्हणाला, बाबा, मला येता यायचं नाही. कागद नाहीत, आलो तर परत जाता यायचं नाही. पुरलेलं दाखवा, आणि नवव्या दिवशीचा क्रूस दाखवा. पुरलं तेव्हा तर तुझी वीज गेलेली."

"माझी कुठली वीज, काका. सगळ्या गावाची गेली होती."

"हो, सगळ्या गावाची. मी तुला बोल लावत नाहीये."

बोल लावला नसला तरी लिब्रादाला तो लागलाच. त्या दिवशी शवपेटी चौकातून देवळात नेताना ती दारात उभी होती, आणि तबकडीवरचा दिवा विझलेला होता. तिकडे एफ्रेन फोन हातात धरून बसला असेल हे तिला ठाऊक होतं. करण्यासारखं काही नव्हतं. आता क्रूस तेवढा राहिला होता. आमच्याकडे मयत जिथं ठेवलेलं असतं तिथं जमिनीवर चुन्याचा आणि फुलांचा क्रूस काढतात. नवव्या दिवशी तो तुकड्यातुकड्यानं उचलून लाकडी पेटीत भरतात, आणि ती पेटी थडग्यावर नेऊन रिकामी करतात. माणूस घरातून खरं जातं ते तेव्हा. एफ्रेनला पाहायला मिळण्यासारखं एवढंच उरलं होतं.

"माझ्या फोनवरून लावू का त्याला?" तिनं विचारलं.

"अनोळखी नंबर तो उचलत नाही. तिकडे दिवस वाईट आहेत."

तिनं तरीही लावून पाहिला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. निरोप पाठवला, तोही कुणी उघडला नाही. मग ती निमूटपणे जुन्या फोनकडे वळली. वायफायच्या खुणेवर सगळ्या रेघा भरलेल्या होत्या, म्हणजे फोन तबकडीला नीट ओळखत होता. पण चिठ्ठीचे आकडे टाकायचं पान उघडायला गेलं की लाल कुलूप आणि बारीक अक्षरांतली तक्रार यायची. तिनं वायफायचं नाव पुसून पुन्हा जोडलं. विमानाचं चित्र दाबून सोडलं. जुने व्हिडिओ पुसून जागा केली. शेवटी दुसरी चिठ्ठी फाडली. कुलूप होतं तिथंच होतं.

"चोना, तुझं चाललंय का?" तिनं बाहेरच्या बाकावर ओरडून विचारलं.

"माझं छान चाललंय," चोना म्हणाली. ती सकाळपासून तिथं बसून बहिणीच्या नातवाचे फोटो बघत होती. "काका, तो फोन आता शेळीच्या गळ्यात बांधा. घंटेचं तरी काम करील."

"तुझ्या गळ्यात बांधतो. तू कुठं असतेस ते तरी घरच्यांना कळेल," काका म्हणाले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच जरासे हसले.

म्हणजे तबकडी ठीक होती, चिठ्ठीही ठीक होती, दोष फोनमध्येच होता. वेळ चुकली तरी असं कुलूप येतं, म्हणून लिब्रादानं फोनच्या घड्याळाकडे पाहिलं. तेही बरोबर होतं. नुकतीच देवळाची घंटा झाली होती, अकरा, आणि फोनवरही अकराच होते. तिच्या भिंतीवरचं घड्याळ बारा दाखवत होतं, पण त्यात नवल नव्हतं. उन्हाळ्यात सरकार सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलतं. आमच्याकडे बस, शाळा आणि दवाखाना तेवढे सरकारचं ऐकतात. देऊळ, शेळ्या आणि म्हातारी माणसं देवाच्या वेळेनं चालतात. निकांद्राचा फोन दर उन्हाळ्यात आपणहून सरकारकडे पळायचा, म्हणून तिनं त्याची ती सवयच मोडली होती. वेळ आपोआप लागायची सोय कायमची बंद, आणि घंटा ऐकून हातानं लावायची. सरकारच्या घड्याळापायी माझी मक्याची तिकोनी पोळी करपवायची का, असं ती म्हणायची.

तेवढ्यात प्लासिदो मेणबत्त्या घ्यायला आला. मयताच्या घरी प्रार्थना म्हणणारा तोच, आणि कशाला काय चालतं हे ठरवणाराही तोच.

"पेटी जरा चौकातून नेता का?" लिब्रादानं त्याला विचारलं. "फोन इथंच लागतो. लागला तर."

"नवव्या दिवसाचा क्रूस खालच्या वाटेनं जातो," प्लासिदो म्हणाला. "वरच्या वाटेनं लग्नं जातात, बँडबाजा लावून. आणि एकदा उचललेला क्रूस वाटेत टेकवायचा नसतो."

"टेकवू नका. हातात धरून उभे राहा."

"फोनसाठी?"

"पोरासाठी," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "त्यानं काहीच पाहिलेलं नाही, प्लासिदो."

प्लासिदोनं मेणबत्त्या काखेत धरल्या. "आधी फोन तर लागू दे," एवढंच म्हणून तो निघून गेला.

काका दमले होते. चाळत बसायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी फोन मागून घेतला, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हा फोटोही खातो बघ. परवा रात्री मी क्रूसाचा फोटो काढला. म्हटलं, पोराला पाठवीन. आता सापडत नाही. सगळे हिचेच आहेत."

लिब्रादानं पाहिलं. सगळ्यात वर होता निकांद्रानं काढलेला फोटो, अंगणात सुकत टाकलेल्या मक्याचा. क्रूस कुठं नव्हता. ती खाली सरकवत गेली. शेळ्या. अर्धवट विणलेली टोपी. काकांची पाठ. पुन्हा शेळ्या. निकांद्राचा अंगठा. एफ्रेननं पाठवलेली बर्फातली गाडी. वर्षांमागून वर्षं गेली, आणि अगदी तळाशी, निकांद्राच्या पहिल्या फोटोच्याही खाली, तो होता. चुन्याचा क्रूस, झेंडूची फुलं, चार मेणबत्त्या. खाली तारीख होती पहिली जानेवारी, दोन हजार चौदा.

"काका, याची बॅटरी काढली होती का तुम्ही?"

"काढली होती. घरात मयत, आणि हा गाणं म्हणायचा. रेडिओ बंद केला, कुत्रं बांधलं, मग यालाही गप्प केलं. परवा संध्याकाळी परत घातली."

"आणि वेळ लावली."

"लावली की. सहाची घंटा झाली तशी सहा. ती लावायची तशीच."

"आणि तारीख?"

तारीख लावायची असते हे काकांना कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. निकांद्रा बॅटरी काढत नसे.

"फोन कित्येक वर्षं मागे गेलाय," लिब्रादा म्हणाली. "बॅटरी काढली की तो सगळं विसरतो. चिठ्ठीचं पान म्हणतं, मी आजचं, हा जुन्या काळातला, याला आत कसा घेऊ. तास बरोबर होता म्हणून मीही फसले."

"म्हणजे याच्या हिशेबानं ती आहे अजून," काका म्हणाले.

इतकी वर्षं लिब्रादा लोकांचे फोन हाताळत आली होती, आणि त्यांत काय काय सापडतं हे तिला माहीत होतं, पण हे तिला सोसलं नाही. तिनं मान खाली घालून सेटिंग उघडलं. वेळ आणि तारीख आपोआप लावण्याचा खटका समोरच होता. एकदा दाबला की काम झालं. तिनं बोट पुढे केलं.

"त्यानं तासही बदलेल ना?" काकांनी विचारलं.

"बदलेल. सरकारचा होईल."

"मग नको. तास तिनं लावलेला आहे." मग त्यांनीच स्वतःची चूक सुधारली. "म्हणजे मी लावला. पण तिचा आहे."

ती दमलेली होती, दारात आणखी दोघे फोन घेऊन उभे होते, आणि म्हाताऱ्याशी वाद घालायचं बळ तिच्यात नव्हतं. तिनं खटक्याला हात लावला नाही. साल, महिना, दिवस एकेक करून हातानं पुढे ढकलत आजपर्यंत आणले. तास होता तसाच राहू दिला. तासभराच्या फरकाकडे पान डोळेझाक करील अशी तिला आशा होती.

पानानं डोळेझाक केली. कुलूप गेलं, चिठ्ठीचे आकडे घेतले गेले, आणि फोन तिच्या हातात थरथरायला लागला. नऊ दिवसांचे निरोप एकामागून एक येऊन पडत होते. काकांना अक्षरं दिसत नव्हती म्हणून तिनंच वाचून दाखवले. बाबा. बाबा, फोन का बंद आहे. बाबा, जेवलात का. शेवटचा आजचा होता, "मालकाला विचारलंय, थोडी सुट्टी देतो म्हणाला. चारला करतो. आईच्या चारला."

"फोन इथंच ठेवा," लिब्रादा म्हणाली. "तुमच्या घरी लागायचा नाही. तुम्ही जा, क्रूस उचला. आला की मी पुकारीन."

"आणि प्लासिदो?"

"ते तुम्ही बघा."

काकांनी टोपी घातली आणि उतार उतरून गेले.

दुपारी तिनं दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं. सरकारचे चार वाजून गेले, तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पायरीवरून काकांचं घर दिसायचं, आणि घरापुढचा फाटा. तिथून खालची वाट कबरस्तानाकडे जाते आणि वरची चौकात येते. माणसं बाहेर पडली तेव्हा गाण्याचे सूर वर आले. पुढे प्लासिदो, मागे पेटी धरलेले काका, मागे काळ्या शाली. फाट्यापाशी येऊन सगळे थांबले.

देवळात चारची घंटा सुरू झाली आणि त्या घंटेतच फोन वाजला.

पडद्यावर एफ्रेन होता. कपाळावर रंगाचे शिंतोडे, हातात टोपी, मागे कुठल्याशा गाडीचं दार. तो म्हातारा दिसायला लागला होता. त्याला वाटलं होतं बाप असेल. लिब्रादाचा चेहरा पाहून तो गडबडला, आणि तोंडाला वर्षानुवर्षं बसलेलं तेच वाक्य बाहेर आलं.

"मावशी, आई आली का?"

बोलला आणि त्यानं टोपी तोंडावर धरली. लिब्रादाला रडू आलं, आणि त्याचा तिला रागही आला, कारण हात हलला की चित्र हलतं. एका हातात फोन नीट धरून तिनं दुसऱ्या हातानं भोंग्याच्या माइकवरची धूळ झटकली. कित्येक वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. काकांचं नाव पुकारायचं तिनं ठरवलं होतं.

"निकांद्रा सालासार," भोंगा खरखरत म्हणाला, "उत्तरेतून तुमचा फोन आहे."

खाली गाणं थांबलं. काळ्या शाली वर वळल्या. प्लासिदो जागचा हलला नाही. मग त्यानं काकांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि लग्नाच्या वाटेला लागला. त्याच्या मागून पेटी चढ चढू लागली, सावकाश, कारण धरणारे म्हातारे होते आणि वाटेत टेकवायची नव्हती.

लिब्रादा पायरीवर आली आणि तिनं फोन डोक्याच्या वर धरला. खांदा लगेच दुखायला लागला.

"येतेय," ती म्हणाली. "थांब जरा."