शनिवारचा बिघाड

फोन बनवणाऱ्यांना म्हातारी माणसं माहीतच नसतात, असं सूर्यभानचं ठाम मत होतं. त्यांना वाटतं, सगळ्यांचे डोळे विशीतले आणि बोटं लोण्याची. ज्या बाईचा जन्म खुरप्यावर गेला तिचं बोट काचेला कळतच नाही, आणि बोल मात्र बाईला लागतो. घरातली पोरंसोरं हसतात. ही चीड मनात ठेवूनच सूर्यभान टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाला आणि परभणीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर टेबल टाकून बसला.

त्याच्याकडे म्हाताऱ्यांचे फोन येत. तो अक्षरं मोठी करी, नको ती चित्रं पडद्यावरून उडवी आणि लेकालेकींचे फोटो असे समोर मांडून ठेवी, की फोटोवर बोट ठेवलं की फोन लागावा. मुंजाजी नावाच्या एका आजोबांना दिसतच नव्हतं, तर त्यांच्या बटणावर त्याने लाखेचा ठिपका बसवला, बोटाला खडबडीत लागावा म्हणून. आजोबा खूश होऊन गेले ते परत आलेच नाहीत.

हीच त्या कामातली खोट होती. काम जितकं चांगलं, तितकं माणूस लवकर उठून जाई. सूर्यभानची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा धम्मानंद बंगळूरला. तो दर रविवारी न चुकता फोन करी आणि न चुकता घाईत असे. बाकीचे दिवस स्वतःचा आवाज कानावर पडावा म्हणून सूर्यभान रेडिओवरच्या बातम्यांशी भांडे. रेडिओ कधी उलटून बोलला नाही, एवढंच त्याचं दुःख.

संक्रांतीआधीच्या एका शनिवारी पोखर्णीहून केशरबाई आली. साठी उलटलेली, एकटी राहणारी, बोलायला मोकळी. तिची लेक सुकेशनी पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती. लेक म्हणे फोन लावते, आणि हिच्याकडे वाजत नाही. सूर्यभानने बघितलं तर आवाज पार शून्यावर होता. त्याने तो वाढवून दिला, लेकीला लावून दिला. बोलणं झाल्यावर फोन कसा ठेवायचा ते तिला येईना, म्हणून लाल गोलावर बोट टेकवून लगेच उचलायचं, हेही चार वेळा करून दाखवलं. चारही वेळा ती चुकली आणि चारही वेळा दोघं हसली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा हजर. आवाज पुन्हा शून्यावर. या वेळी ती निघताना सूर्यभान बघत होता. तिने फोन कमरेला खोचला, कडेचं बटण दाबलं गेलं आणि आवाज खाली खाली उतरत गेला. एवढीशी गोष्ट. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे बटणाच्या खाली-वर चिकटवले, की बटण खोबणीत बसलं असतं आणि पुन्हा कधी दाबलं गेलं नसतं. ट्यूब घरातच खुंटीला टांगलेली होती.

सूर्यभान उठला नाही. आता वाजंल, एवढंच म्हणाला.

मग दर शनिवारी ती येऊ लागली. तो आवाज वाढवून देई, तो कसा उतरतो कोण जाणे म्हणून मान हलवी, आणि ती तास दोन तास बसे. तिला तो बाई म्हणे, त्याला ती भाऊ. येताना ती डहाळ्याची पेंडी आणी आणि दोघं समोरासमोर बसून हरभऱ्याचे घाटे सोलून खात. त्याची सून, तिचं सासर, मेलेली माणसं, गेल्या साली वाहून गेलेला बांध, सगळं निघे. घरी गेली की पोचले म्हणून ती त्याला फोन लावी, आणि बोलून झाल्यावर लाल गोल शोधत बसे. शुक्रवारी सूर्यभान ओसरी झाडू लागला. दाढी करू लागला. आपण चोरी करतोय हे त्याला कळत होतं, पण शनिवार इतका गोड होता की कळून उपयोग नव्हता.

सातव्या शनिवारी ती आली ती हसली नाही. सुकेशनीच्या पोटात दुखून तिला ऑपरेशनला घेतलं होतं. आत नेण्याआधी आईशी बोलावं म्हणून तिने अकरा वेळा फोन लावला. केशरबाई शेतात होती, फोन तिच्याच कमरेला होता. घरी आल्यावर तिला ते अकरा फोन दिसले. लेक आता बरी होती, पण रुसली होती.

"म्हणली, आई, तुला माझी याद येत न्हाई," केशरबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

सूर्यभान उठला. खुंटीवरची ट्यूब काढली, दोन तुकडे कापले, घासले, चिकटवले. दहा मिनिटंही लागली नाहीत. फोन तिच्या कमरेला खोचायला लावला, बाहेर काढला. आवाज जागचा हलला नव्हता.

"एवढंच होतं व्हय?" तिने विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच सुचलं म्हणाला असता तर ती उपकार मानत गेली असती. पण अकराचा आकडा त्याच्या छातीवर बसला होता.

"बाई, मला हे दुसऱ्या शनिवारीच कळलं होतं," तो म्हणाला. "सांगितलं न्हाई. नीट झाला असता तर तुमी आल्या नसत्या."

केशरबाईने हातातला घाटा न सोलताच पेंडीवर ठेवला.

"फोन चांगला असता तरी आले असते की भाऊ," ती म्हणाली. "मला तरी कोण हाय बोलायला?"

ती रागावून बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. पिशवी उचलून ती स्टँडकडे गेली.

पुढच्या शनिवारी सूर्यभानने ओसरी झाडली. त्याच्या पुढच्याही. डहाळे वाळायला लागले. एका दुपारी त्याने धीर केला आणि तिला फोन लावला. डहाळे संपायच्या आत एकदा या, हे वाक्य त्याने रेडिओ बंद करून दहादा म्हणून बघितलं होतं.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"वाजतो का म्हणून बघायलोय," तो म्हणाला.

"वाजायलाय. सुकेशनी रोज बोलायली. आता काही तकलीफ न्हाई, भाऊ."

वाक्य ओठाशी आलं होतं. पण ज्या तोंडाने आपण पाच शनिवार लबाडी केली, त्याच तोंडाने ये कसं म्हणायचं, हे त्याला सुधरेना. मग ठीक हाय, एवढंच त्याच्याकडून निघालं.

पलीकडून फोन बंद झाला. पूर्वी तिला लाल गोल सापडेपर्यंत त्याला तिच्या कोंबड्यांचा, बांगड्यांचा, स्वतःशी पुटपुटण्याचा आवाज कितीतरी वेळ ऐकू येत असे. आज एका दमात बंद झाला. त्याने तिला फार चांगलं शिकवलं होतं.