झाकणाखालचा श्वास

माती श्वास सोडते, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. आईबाप गेल्यावर आत्याने तिला जंगलातल्या या संशोधन केंद्रावर आणलं आणि खेळणं म्हणून हातात दिला तो मापनाचा जुना डबा. जमिनीत कायमची रोवलेली एक गोल कडी असते; तिच्यावर डबा पालथा बसवला की मातीतून निघणारा कर्बवायू आत साठत जातो आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ चढू लागते. डबा बसवताना आपला श्वास धरायचा, हा पहिला धडा. माणसाचा एक उच्छ्वास आत शिरला तर मातीचं बोलणं ऐकू येत नाही, असं आत्या म्हणायची. पोर गाल फुगवून श्वास धरायची, आत्या हसायची.

आता त्या पोरीच्या केसांत एक रुपेरी तार आली होती, आणि ती अजून श्वास धरूनच वाकत होती.

शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. रुजू व्हायची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. आता ढकलली तर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं. शनिवारी किराणा घेऊन जी जीप येते, तीच परत नेते. या शनिवारी निघायचं, नाहीतर इथेच राहायचं. आत्याची अट एकच होती: हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही.

काम असं. इथली माती लाल. तिच्यात लोखंड भरपूर, आणि ते फॉस्फरसला असं आवळून बसतं की मुळांना तो मिळता मिळत नाही. असून नसल्यासारखा. म्हणून जंगलाच्या काही तुकड्यांना त्यांनी वरून फॉस्फरस दिला होता. पोटभर मिळाल्यावर ही माती जास्त कार्बन साठवते, की तिच्यातले बारीक जीवच माजून तो हवेत उधळून टाकतात? साठवते, अशी आत्याला उमेदीच्या वयापासून आशा. मोजता मोजता ती गुणगुणायची, शब्दही तिचेच:

लाल माझी माती, तिची मूठ गं घट्ट
पोटी सारा साठा, वर पानांचा हट्ट

सगळ्या तुकड्यांचं उत्तर जुळत आलं होतं. पडलेल्या झाडाजवळचा एक तुकडा तेवढा जुळेना. तिथे कधी रेघ शहाण्यासारखी चढे, कधी मध्येच उसळी घेई. तिने रबराची चकती बदलली, नळ्या बदलल्या, कडी चाचपून पाहिली, यंत्राला नाही नाही ते बोलून घेतलं. आत्या म्हणे, मातीला आपली घाई कशी कळणार, आणखी एक पावसाळा पाहू. मग चहा ओतून देई आणि कपाचा कान नेमका तिच्या हाताकडे फिरवून ठेवी. या मायेला दार नव्हतं, खिडकी नव्हती. रागवायचं तरी कशावर?

शनिवारी सकाळी जीप आली. जीपवाला काका पायरीवरच्या तिच्या पेटीकडे बघत राहिला. मागच्या खेपेला ही चढवली आणि परत उतरवली, म्हणाला, माझी कंबर अजून त्याचा जाब विचारते. आज नक्की ना? ती म्हणाली, शेवटचं मोजून येते.

पडलेल्या झाडापाशी तिने डबा बसवला. नेहमीसारखी आत्या राखणीला बसली आणि ती पुढच्या कडीपाशी मातीचं तापमान घ्यायला गेली. तापमापीची बॅटरी संपलेली निघाली, म्हणून अर्ध्यातूनच परतली. पाचोळा ओला होता, पाऊल वाजलं नाही.

आत्या गुडघ्यांवर होती. आतला दाब सारखा राहावा म्हणून झाकणाला एक बारीक नळी असते. त्या नळीच्या तोंडाशी आत्याचे ओठ होते. डोळे मिटून, लहान मुलाचं दूध निववावं तशी, ती हळूच फुंकत होती.

पडद्यावर रेघेने उसळी घेतली. आत्या बरोबर नसे त्या दिवशी रेघ शहाणी असायची, हे तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

"आत्या, तो श्वास तुझा होता."

आत्या उठली नाही. उठायला तिला नेहमी एक हात लागे, आणि तो हात आज लांब उभा होता.

"माझाच," ती म्हणाली. "राहा म्हणायला तोंड नव्हतं मला. म्हणून मातीच्या तोंडून म्हटलं."

इतके दिवस शोधत असलेला राग आता हाताशी आला होता. पण समोर चिखलाने माखलेले दोन गुडघे होते. तिने जाऊन हात दिला. मग म्हणाली, तू वाटेवर जाऊन थांब. आत्या गेली.

डबा उचलून तिने वारा लागू दिला, श्वास धरला, पुन्हा बसवला आणि मागे सरली. रेघ सरळ चढत गेली, फॉस्फरस दिलेल्या बाकी तुकड्यांसारखीच, न दिलेल्यांच्या कितीतरी वर.

वाटेवरून आत्याने विचारलं, "उधळते?"

"उधळते."

आत्याने मान हलवली. मग तिने आपल्या पायाखालच्या मातीकडे पाहिलं, जशी एखादी बाई आपल्यासारख्याच रित्या हातांच्या शेजारणीकडे बघते.

पेटी चढली. आत्या जीपजवळ आली नाही. डब्यापासून जेवढं लांब उभं राहायचं असतं, तेवढ्याच अंतरावर ती उभी राहिली, तोंडावर हात घट्ट धरून. राहा म्हणाली नाही. जा म्हणाली नाही. जीप वळली तेव्हाही तो हात तसाच होता.

फाटक गेलं, ओढ्यावरचा पूल गेला. काकाने आरशातून एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि वेग कमी केला.

"अगं पोरी," तो म्हणाला, "श्वास घे."