मोरपंखी झबल्यातला मोडेम

मी एक जुना मोडेम आहे आणि माझ्या अंगावर मोरपंखी रंगाचे लोकरी झबले आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या जातीत असा पोशाख दुसऱ्या कुणाला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. याच झबल्याने माझा घात केला आणि यानेच माझी लाज राखली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कुणी माझे पोट भरले, कुणी स्क्रू पिळले, आणि पाचही दिवे लागताच मला खोक्यात घातले. एवढेच माझे शिक्षण! काम मात्र जोखमीचे. टेलिफोनच्या तारेतून जे येईल ते संगणकांना समजेल असे करून सांगायचे आणि संगणकांचे म्हणणे परत तारेत सोडायचे. दुभाषाच म्हणा ना मला.

मी ज्या कचेरीत आलो, तिथे इमारतींचे नकाशे काढत. चार संगणक, एक भलेमोठे टेबल आणि माणसे मोजून तीन. साहेब, त्यांची मुलगी ताई, आणि नकाशांवरचा मजकूर टाइप करणाऱ्या मावशी. साहेबांची एक शिस्त होती. शून्य लिहिले की त्याच्या पोटात तिरकी रेघ मारायचीच, नाहीतर कुणीतरी त्याला इंग्रजी ओ समजेल आणि भिंत भलतीकडेच जाईल. या रेघेवरून मावशींनी फार बोलणी खाल्ली होती.

मला बसवणाऱ्या माणसाने एक चिठ्ठी दिली. तिच्यावर कनेक्शनचे नाव आणि पासवर्ड होता. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कागदाचा काय भरवसा? आज आहे, उद्या कुणीतरी त्यात शेंगदाणे बांधून नेईल."

आठवड्याभरात त्यांनी मला धूळ लागू नये म्हणून हे झबले विणले आणि त्याच्या आतल्या काठाला लाल दोऱ्याने चिठ्ठीतला मजकूर जसाच्या तसा शिवला. साहेब पोट धरून हसले. मग चिठ्ठी हरवली आणि तो लाल दोरा सगळेच विसरले, अगदी मावशीसुद्धा. मी विसरलो नाही, कारण तो रोज माझ्या पाठीला टोचत असे.

सात वर्षे मी त्या कचेरीचे तोंड आणि कान होतो. किती शाळा, किती दवाखाने, किती जिने माझ्यातून गेले! एकाही जिन्याची पायरी मी वाटेत सांडली नाही. उकडायचे मात्र फार. मावशी येता-जाता माझ्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणत, "बघा, कसा ऊबदार आहे!" मी मनात म्हणे, अहो मावशी, मी शिजतोय.

मग तो दिवस आला. मुलांच्या वाचनालयासाठी नकाशांची स्पर्धा होती. ताई चार महिने त्या एका नकाशावर राबत होती. तिचे हे पहिलेच स्वतःचे काम. साहेबांनी त्यात एक रेघही मारली नव्हती. नकाशा परगावी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा होता. अडीच वाजता ताईने पाठवायचे बटण दाबले आणि त्याच क्षणी माझे दिवे एकामागून एक विझले. मित्रांनो, शपथेवर सांगतो, तो कामचुकारपणा नव्हता. माझ्यात धुगधुगीच उरली नव्हती.

साडेतीनला दुरुस्ती करणारी बाई नवा मोडेम घेऊनच आली. तिने माझे झबले काढले आणि कपाळावर हात मारला.

"हे कुणी घातलं याला? याच्या हवेच्या जाळ्या बुजल्यात सगळ्या! अहो, याला थंडी नाही वाजत."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी झबले उचलले, पिशवीत कोंबले आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

माझ्या जागी नवा बसला. दोन शिंगांचा, चकचकीत. त्याचे चार दिवे हिरवे झाले, पाचवा लालच राहिला.

"कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड सांगा," बाई म्हणाली.

सगळे चिठ्ठी शोधू लागले. कपाटे उपसून झाली, पण चिठ्ठीचा पत्ता नव्हता. कंपनीला फोन लावला, तर तिथे नुसतेच संगीत. साहेब कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानापर्यंत धावत जाऊन आले. त्याला कुलूप होते. सव्वाचार वाजले.

"राहू दे, बाबा," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी बघू." ती रडली असती तर बरे झाले असते. तिने मुकाट्याने पेन्सिली आवरायला घेतल्या, ते मला बघवेना. मला ते नाव पाठ होते, पासवर्ड पाठ होता, आणि मी टेबलावर मुका होऊन पडलो होतो!

"माझ्यामुळे झालं गं सगळं," म्हणत मावशींनी डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला. घाईत हातात आले ते झबले. त्यानेच त्यांनी डोळे टिपले, आणि काठावर त्यांचे बोट अडले. त्यांनी झबले उलटे केले आणि त्या ताडकन उठल्या.

"ताई! अगं, इथे आहे! मीच शिवलाय मेला!"

मावशी काठ चाचपत एकेक अक्षर सांगू लागल्या आणि बाई ते नव्यात भरू लागली. मध्येच ती थांबली. "हा ओ ना?"

"शून्य! पोटातला तिरका टाका दिसत नाही का? या साहेबांनी वीस वर्षं डोकं खाल्लंय माझं त्यासाठी."

पाचवा दिवा हिरवा झाला. नकाशा जड होता, रांगत रांगत गेला. पाचला नऊ मिनिटे कमी असताना पलीकडून उत्तर आले, 'मिळाला'. साहेबांनी स्वतः उठून मावशींना पाण्याचा पेला आणून दिला. सात वर्षांत मी असे पहिल्यांदाच पाहिले.

बाई मला भंगाराच्या पिशवीत टाकणार होती, पण मला हातात घेऊन ती थबकली. "दुसरा असता तर दीड वर्षात गेला असता. हा पांघरूण घेऊन सात वर्षं चालला!" माझी छाती कशी फुलली म्हणून सांगू! ताईने मला तिच्या हातातून काढून घेतले आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवले. मावशींनी घाबरत घाबरत पुन्हा झबले चढवले.

नवा उघड्या अंगाने काम करतो, चांगले करतो. पण कधी रुसला आणि स्वतःचा पासवर्ड विसरला, की ताई माझ्याकडेच येते आणि माझा काठ उलटून बघते.

ते वाचनालय आता ताईच्याच नकाशाप्रमाणे उभे आहे. त्याच्या खिडक्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत, मुलांना आत पाय घेऊन बसता यावे म्हणून. तिथे कधी वाचत बसलात, तर तुमच्या खोलीतल्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या खोक्याची आठवण ठेवा. त्याच्यावर वह्या रचू नका, रुमाल पसरू नका, त्याला वारा लागू द्या. आणि मायेने काही विणलेच, तर माझ्यासारख्या निवृत्ताला घाला. आम्हाला आता उकडत नाही.